वाचनयंत्र की सर्वकामी यंत्र? अमेरिकेच्या अनुभवातून एक विचार

ग्रंथ घरी आणणे ही आजवर अगदी सरळ गोष्ट होती. दुकानात जावे, किंमत द्यावी, पुस्तक काखेस मारावे आणि घरी येऊन उजेडाच्या कडेला बसून वाचावे. वाचक आणि ग्रंथ यांच्यामध्ये तिसरे कोणी नसे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही स्थिती पालटली. ग्रंथ आता विजेच्या अक्षरांतही येतो, आणि तो वाचण्यासाठी हाती एक यंत्र असावे लागते. ते यंत्र केवळ वाचनासाठीच घडवलेले असावे, की टपाल, छायाचित्रे, गाणी, हिशेब आणि वाचन अशी सारी कामे एकाच पेटीत करणारे असावे, हा प्रश्न आज अनेक घरांत पडतो. पहिल्या जातीच्या यंत्रांस किंडल, कोबो, नूक अशी नावे आहेत व त्यांस सामान्यतः ई-रीडर म्हणतात. दुसऱ्या जातीत टॅब्लेट आणि मोबाइल येतात. दोहोंची किंमत सामान्य संसाराला जाणवणारी असते आणि बहुधा एकच घेणे परवडते. म्हणून ही निवड विचारपूर्वक करावी लागते.

मॉरिशसमधील मराठी घरांच्या दृष्टीने या निवडीला आणखी एक बाजू आहे. १८३४ पासून पुढे करारबद्ध मजूर म्हणून जी माणसे मुंबई बंदरातून या बेटावर आली, त्यांत कोकणातील कुटुंबे पुष्कळ होती. त्यांच्या बोचक्यांत ग्रंथ फारसे नव्हते. जे होते ते बहुतेक मुखोद्गत होते. अभंग, ओव्या आणि कथा त्यांनी देवळांत व बैठकांत जपल्या, आणि पुढे मराठी शाळांतूनही शिकवली जाऊ लागली. आज त्यांच्या वंशजांच्या घरात बोलणे बहुशः क्रिओलमध्ये आणि शिक्षण इंग्रजी-फ्रेंचमध्ये होते. मराठी ही आता प्रयत्नाने शिकण्याची आणि वाचूनच टिकवण्याची भाषा झाली आहे. ज्याच्या हाताशी मराठी पुस्तकांचे दुकान नाही, त्याच्यासाठी हे यंत्र म्हणजे केवळ करमणुकीचे साधन नव्हे. मराठी ग्रंथापर्यंत पोचण्याची ती एक वाट आहे. वाट चुकीची निवडली, तर पैसे तर जातातच, पण वाचनही मध्येच थांबते.

या दोन यंत्रांची स्पर्धा ज्या देशात उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर झाली, तो देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तेथील लोकांनी ही यंत्रे विकत घेतली, विद्यापीठांत तपासली, न्यायालयात नेली आणि त्यांवर कायदेही केले. त्या अनुभवाचा लाभ इतरांना फुकट मिळण्यासारखा आहे.

पहिले प्रयत्न

विजेच्या अक्षरांतील ग्रंथाचा आरंभ यंत्राच्या विक्रीपासून झाला नाही. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथील संगणकावर टंकित करून ठेवला, आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा विनामूल्य ग्रंथसंग्रह उभा राहिला. वाचनासाठीच घडवलेली हातातली यंत्रे त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आली. १९९८ साली कॅलिफोर्नियातील दोन लहान कंपन्यांनी ‘रॉकेट ई-बुक’ आणि ‘सॉफ्टबुक’ ही यंत्रे बाजारात आणली. २००० साली दोन्ही कंपन्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतल्या आणि २००३ साली हा व्यवसाय गुंडाळण्यात आला. यंत्रे जड होती, किंमत भारी होती आणि त्यांवर वाचण्यासारखे ग्रंथ थोडे होते.

वाचकांना या प्रकाराची आवडच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. मार्च २००० मध्ये स्टीफन किंग या लोकप्रिय लेखकाची एक दीर्घकथा केवळ विजेच्या अक्षरांत प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत तिला सुमारे ४ लाख मागण्या आल्या. वाचक तयार होता. त्याच्या हाती देण्याजोगे यंत्र अजून तयार झाले नव्हते.

शाईचे नवे रूप

ती उणीव भरून काढणारा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लागला. त्या शोधाच्या आधारावर १९९७ साली ‘ई-इंक’ ही कंपनी निघाली. तिच्या पडद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पडद्याच्या पोटात अतिसूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असून त्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून विजेचा झटका दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. अशा रीतीने पानावर अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवण्यासाठी वीज लागत नाही. ती लागते केवळ पान उलटताना. म्हणून अशा यंत्राची बॅटरी काही आठवडे पुरते, तर टॅब्लेटची काही तास पुरते. शिवाय हा पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही. कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचता येतो. भर उन्हात टॅब्लेटचा पडदा फिका पडतो, आणि ई-रीडरचे पान मात्र अधिकच स्पष्ट दिसते. ज्यांच्या देशात वर्षभर ऊन आहे, त्यांनी हा गुण क्षुल्लक समजू नये.

असा पडदा असलेले पहिले वाचनयंत्र सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये विकले. अमेरिकेत तिचे यंत्र २००६ साली आले. तथापि, खरी खळबळ उडवली ती ॲमेझॉनने. १९ नोव्हेंबर २००७ रोजी तिने ‘किंडल’ विक्रीस काढले. किंमत ३९९ डॉलर असूनही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. यंत्राचे वजन ३०० ग्रॅमपेक्षा कमी होते, आणि त्यात सुमारे २०० ग्रंथ मावत. पण त्याच्या यशाचे मर्म अन्यत्र होते. यंत्रासोबत सुमारे ९० हजार ग्रंथांचे दुकान उघडले गेले आणि संगणकाच्या मदतीवाचून, घरबसल्या, एका मिनिटाच्या आत ग्रंथ यंत्रात उतरू लागला. १९९८ च्या यंत्रांना जे दुकान नव्हते, ते किंडलपाशी होते.

सर्वकामी यंत्राचा प्रवेश

३ एप्रिल २०१० रोजी ॲपल कंपनीचा ‘आयपॅड’ विक्रीस आला. त्याची किंमत ४९९ डॉलरपासून पुढे होती, वजन सुमारे ६८० ग्रॅम, म्हणजे पहिल्या किंडलच्या दुपटीहून अधिक. पण त्याचा पडदा रंगीत आणि ९.७ इंचांचा होता. त्यावर चित्रे हलत, पत्रे लिहिता येत आणि पुस्तकेही वाचता येत. स्पर्धेचा पहिला परिणाम किमतीवर झाला. त्याच वर्षी किंडलची किंमत २५९ डॉलरवरून १८९ वर आली, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीचे सर्वात स्वस्त यंत्र १३९ डॉलरना मिळू लागले. २०११ च्या शरदात तर ॲमेझॉनने स्वतःच १९९ डॉलरचा रंगीत टॅब्लेट काढला. वाचनयंत्राचा सर्वात मोठा विक्रेता दोन्ही घोड्यांवर पैसे लावू लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

लोकांनी काय केले, हे प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांतून दिसते. २०१४ च्या आरंभी अमेरिकेतील ३२ टक्के प्रौढांपाशी ई-रीडर होता; २०१५ साली हे प्रमाण १९ टक्क्यांवर घसरले. त्या वर्षी ४५ टक्के लोकांपाशी टॅब्लेट होता आणि ६८ टक्क्यांपाशी स्मार्टफोन. २०१६ च्या पाहणीत असे आढळले की मागील वर्षभरात १५ टक्के लोकांनी टॅब्लेटवर, १३ टक्के लोकांनी मोबाइलवर आणि ८ टक्के लोकांनी ई-रीडरवर ग्रंथ वाचला होता. छापील ग्रंथ वाचणारे मात्र ६५ टक्के होते.

या आकड्यांवरून सर्वकामी यंत्र जिंकले असे कोणी म्हणेल. पण जपून बोलावे हे बरे. मोबाइल लोकांनी वाचनासाठी विकत घेतला नव्हता. तो खिशात होताच, म्हणून त्यावर वाचनही होऊ लागले. उलट जो माणूस केवळ वाचनासाठी वेगळे पैसे मोजतो, तो आधीपासूनच वाचणारा असतो. अशा वाचकांचा वर्ग लहान असला तरी तो टिकून आहे, आणि म्हणूनच वाचनयंत्रे आजही नव्या नव्या रूपांत निघत आहेत. २०१२ पासून किंडलच्या काही यंत्रांत पानावर मंद उजेड पाडणारे दिवे आले, आणि २०२४ साली रंगीत किंडलही आले.

वर्गातील कसोटी

विद्यार्थी ज्या घरात आहेत त्यांनी अमेरिकन विद्यापीठांतील एक प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००९ साली ॲमेझॉनने ९.७ इंची पडद्याचे ‘किंडल डीएक्स’ काढले, आणि प्रिन्स्टन, ॲरिझोना स्टेट, केस वेस्टर्न रिझर्व्ह, पेस, रीड आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची डार्डन ही व्यवस्थापनशाळा यांनी काही वर्गांत पाठ्यपुस्तकांऐवजी ते वापरून पाहिले. डार्डनमधील विद्यार्थ्यांना अखेरीस दोन प्रश्न विचारण्यात आले. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी हे यंत्र घ्यावे का, या प्रश्नास सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी नकार दिला. व्यक्तिगत वाचनासाठी घ्यावे का, या प्रश्नास मात्र बहुतेक सर्वांनी होकार दिला.

हे उत्तर वरकरणी विसंगत वाटते, पण ते तसे नाही. कादंबरी वाचणारा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ जातो. अभ्यास करणारा पुढे जातो, मागे येतो, समासात खूण करतो, दोन पाने शेजारी ठेवून ताडून पाहतो आणि आकृती मोठी करून बघतो. ई-इंकचे पान सावकाश बदलते. त्याला ही धावपळ झेपत नाही. म्हणजे एकच यंत्र वाचनास उत्तम आणि अभ्यासास अपुरे असू शकते.

याच प्रयोगातून दुसरा, अधिक गंभीर प्रश्न उपस्थित झाला. हे यंत्र ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवू शकत होते. पण ते सुरू करण्यासाठी ज्या याद्यांतून जावे लागे, त्या बोलत नव्हत्या. म्हणजे अंध विद्यार्थ्याने ग्रंथ ऐकावा, परंतु तो उघडून मात्र दुसऱ्या कोणी द्यावा, अशी स्थिती होती. जून २००९ मध्ये अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना आणि एक अंध विद्यार्थी यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. केस वेस्टर्न, पेस आणि रीड या संस्थांनीही केंद्रीय न्यायखात्याशी करार करून, अंधांना पूर्णपणे वापरता येईपर्यंत हे यंत्र वर्गात न आणण्याचे मान्य केले. पुढे जून २०१० मध्ये न्यायखाते व शिक्षणखाते यांनी सर्व महाविद्यालयांच्या प्रमुखांना पत्र पाठवून हीच अपेक्षा कळवली. त्या सुमारास आयपॅड आणि आयफोन यांत पडद्यावरील प्रत्येक गोष्ट बोलून दाखवणारी सोय होतीच. किंडलच्या ई-इंक यंत्रांत तशी सोय २०१६ पासून मिळू लागली. ज्या घरात दृष्टी मंदावलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी हा मुद्दा शेवटी नव्हे, आरंभीच विचारात घ्यावा.

डोळे आणि झोप

टॅब्लेटच्या उजेडाने झोप मोडते, असे सर्वत्र बोलले जाते. त्यामागील एक प्रयोग बोस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयात झाला आणि त्याचा वृत्तांत २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १२ निरोगी तरुणांना सुमारे दोन आठवडे तेथे ठेवण्यात आले. पाच रात्री त्यांनी झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचले आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचले. पडद्यावर वाचल्यानंतर त्यांना झोप लागण्यास सुमारे १० मिनिटे अधिक लागली, झोप आणणारे मेलॅटोनिन हे द्रव्य शरीरात कमी निर्माण झाले आणि दुसऱ्या सकाळी मरगळ अधिक राहिली.

या निष्कर्षाचे वजन त्याच्या मर्यादेतच करावे. माणसे थोडी होती, वाचन सलग चार तासांचे होते आणि पडद्याचा उजेड पूर्ण ठेवलेला होता. अर्धा तास, मंद उजेडात वाचणाऱ्याने त्यापासून भय बाळगण्याचे कारण नाही. शिवाय दिवे असलेल्या नव्या ई-रीडरमध्येही उजेड असतोच. फरक इतकाच की तो डोळ्यांवर न येता पानावर पडतो आणि अगदी मंद करता येतो.

झोपेपेक्षाही मोठा शत्रू चित्ताची चंचलता हा आहे. टॅब्लेटवर ग्रंथ उघडला की वरून निरोप टपकतो, कोणाचे छायाचित्र येते, खेळ खुणावतो. पानाच्या मध्यभागी पोचलेला वाचक दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी सापडतो. जो मराठी सहज वाचतो, तो पुन्हा पानावर परततो. पण ज्या मुलाला अजून जोडाक्षर लावून वाचावे लागते, त्याचा एकदा तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही. ई-रीडरचा मोठा गुण हा की त्यावर दुसरे काही करणे कंटाळवाणे असते. टॅब्लेटवरही सूचना बंद करता येतात; मात्र ते रोज आठवणीने करावे लागते.

ग्रंथ कोणाचा?

छापील ग्रंथ विकत घेतला की तो आपला होतो. विजेच्या ग्रंथाचे तसे नाही. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या दोन ग्रंथांच्या, योग्य हक्कांवाचून विकल्या गेलेल्या प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. परंतु एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे निरुपयोगी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. त्या दोन ग्रंथांपैकी एक ‘१९८४’ होता, ज्यात सरकार नकोसे कागद नाहीसे करते. हा योगायोग अमेरिकेत पुष्कळ चर्चिला गेला.

दुकानेही बंद पडतात. सोनीने २०१४ साली अमेरिकेतील आपले ग्रंथविक्रीचे दुकान मिटले आणि ग्राहकांना कोबोकडे सोपवले. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले दुकान बंद केले, तेव्हा विकलेले ग्रंथ ग्राहकांच्या यंत्रांतून नाहीसे झाले; बदल्यात पैसे परत देण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने, विकत घेतलेला ग्रंथ संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये घालण्याची जुनी सोय काढून घेतली. कॅलिफोर्निया राज्याने तर असा कायदा केला की, ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे. तो कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

हा धोका दोन्ही जातींच्या यंत्रांना आहे. पण एका बाबतीत भेद आहे. वाचनयंत्र बहुधा एकाच दुकानाशी बांधलेले असते. टॅब्लेटवर अनेक दुकानांचे ॲप ठेवता येतात. एक बंद पडले तरी दुसरे उघडे राहते. दूर देशी राहणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की प्रत्येक ग्रंथ प्रत्येक देशातील ग्राहकाला मिळतोच असे नाही. विक्रीचे हक्क देशागणिक निराळे असतात. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून ११ हजारांहून अधिक वाचनालयांतील ग्रंथ किंडलवर उसने मिळू लागले. ही सोय अमेरिकेतील वाचनालयांपुरतीच आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्ताने या सोयीचे गोडवे गाऊन किंडल पाठवले, तर ती सोय यंत्राबरोबर समुद्र ओलांडून येत नाही.

मराठी पानाची कसोटी

आतापर्यंतचा विचार इंग्रजी वाचकाचा झाला. मराठी वाचकाला आणखी तीन कसोट्या लावाव्या लागतात.

पहिली कसोटी अक्षरांची. १९९१ च्या युनिकोड संहितेत देवनागरीला स्थान मिळाले, आणि कोणत्याही संगणकावर मराठी अक्षर मराठीच राहावे, याची सोय झाली. परंतु त्यापूर्वीच्या, आणि पुढेही कित्येक वर्षे प्रचारात राहिलेल्या, छपाईच्या खास फॉन्टमधील मजकूर तसाच उघडला तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. शिवाय मराठीचे काही आग्रह हिंदीला नाहीत. ‘आचार्यांचा सल्ला’ आणि ‘आचाऱ्यांचा सल्ला’ यांत पहिला गुरूचा आहे आणि दुसरा स्वयंपाक्याचा. हा भेद सारा रफार आणि अर्ध्या ‘ऱ’ वर अवलंबून आहे. यंत्राला तो दाखवता येत नसेल, तर त्यावर मुलाने मराठी शिकू नये, हे बरे.

दुसरी कसोटी पानाच्या आकाराची. मराठीतील पुष्कळ मोलाचे साहित्य विनामूल्य मिळते, पण ते पीडीएफ स्वरूपात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने अशी खुली केली आहेत. जुन्या ग्रंथांची पाने छायाचित्रे घेऊन ठेवलेलीही आढळतात. पीडीएफचे पान गोठलेले असते. अक्षर मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ६ इंची ई-रीडरवर असे पान डावीकडून उजवीकडे ढकलत वाचावे लागते. १० इंची टॅब्लेटवर तेच पान सुखाने वाचता येते. मोठ्या पडद्याचे ई-रीडरही आता मिळतात, १०.२ इंचांचे एक किंडल २०२२ साली आले. पण त्यांची किंमत चांगल्या टॅब्लेटच्या घरात जाते.

तिसरी कसोटी दुकानाची. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील ग्रंथ किंडलवर आणले. त्यापूर्वी नऊ वर्षे हे यंत्र मराठी वाचकाच्या फारसे कामाचे नव्हते. दुसरीकडे पुण्याच्या बुकगंगेसारख्या मराठी विक्रेत्यांची ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात. ती मोबाइलवर वा टॅब्लेटवर वाचता येतात, पण साध्या किंडलवर नाही. म्हणजे इंग्रजी वाचकासाठी जे यंत्र सर्वोत्तम, तेच मराठी वाचकासाठी सर्वोत्तम असेल, असे गृहीत धरून चालणार नाही.

निवड कशी करावी?

या साऱ्या विवेचनाचे सार काढायचे, तर प्रथम घरात कोण वाचते आणि काय वाचते, याचा हिशेब करावा. यंत्राचा विचार त्यानंतर.

घरात एकच यंत्र घेणे शक्य असेल, शाळेत जाणारी मुले असतील आणि मराठी साहित्य मुख्यतः पीडीएफमधून किंवा मराठी दुकानांच्या ॲपमधून मिळवायचे असेल, तर १० इंची टॅब्लेट घ्यावा. त्यावर अभ्यास होतो, जुने ग्रंथ नीट दिसतात आणि ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकता येते. मात्र वाचनाच्या तासाला त्याच्या सर्व सूचना बंद असाव्यात, आणि तो तास घरातील मोठ्यांनीही पाळावा.

ज्याला रोज रात्री कादंबरी वा चरित्र वाचण्याची सवय आहे, ज्याचे वाचन इंग्रजी-फ्रेंचमध्येही भरपूर आहे आणि ज्याच्या घरात इतर कामांसाठी मोबाइल आहेच, त्याने ई-रीडर घ्यावा. त्याचे पान डोळ्यांना निवांत असते, हातास हलके असते आणि चित्त विचलित करीत नाही. अशा वाचकाला टॅब्लेट म्हणजे न लागणाऱ्या सोयींसाठी मोजलेले अधिक पैसे होत.

ज्याने अद्याप पडद्यावर एकही मराठी ग्रंथ पुरा केलेला नाही, त्याने घाईने काहीच विकत घेऊ नये. खिशातल्या मोबाइलवर एक ग्रंथ शेवटपर्यंत वाचून पाहावा. तो पुरा झाला तर यंत्र घेण्यात अर्थ आहे. तिसऱ्याच पानावर सुटला तर दोष यंत्राचा नाही, आणि नवे यंत्र घेतल्याने तो जाणारही नाही.

कोणतेही यंत्र घेताना दुकानातच त्यावर दोन गोष्टी उघडून पाहाव्यात : एक, मराठी मजकुराचे पान, ज्यात ‘आचाऱ्यांचा’, ‘वाऱ्यावर’, ‘ज्ञानेश्वर’ अशी अक्षरे असतील; दुसरे, जुन्या ग्रंथाचे पीडीएफ पान. दोन्ही नीट दिसली तरच पैसे मोजावेत. आणि जे ग्रंथ विनामूल्य व मुक्तपणे मिळतात, त्यांच्या प्रती यंत्राबरोबरच घरच्या संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवरही जपून ठेवाव्यात. दुकान मिटले, यंत्र बिघडले, नियम बदलले, तरी ते ग्रंथ घरातच राहतील.

या बेटावर प्रथम आलेल्या माणसांचा ग्रंथ त्यांच्या कंठात होता, म्हणून तो जहाजावर हरवला नाही आणि मळ्यावर कोणी काढून घेऊ शकले नाही. पुढच्या पिढीच्या हाती यंत्र देताना त्यातील निदान काही ग्रंथ तितक्याच खात्रीने तिचे असतील, एवढी काळजी घरातील वडीलधाऱ्यांनी घेतली पाहिजे. यंत्र लहान असो की मोठे, एका कामाचे असो की शंभर कामांचे, संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसून त्याच्याकडून मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घेणारे माणूस घरात असेल, तरच त्या खर्चाचे सार्थक होईल.